इंजिन बंद पडलं म्हणजे विमान दगडासारखं पडत नाही

ओझरकडे लहान विमान घिरट्या घालताना दिसलं की नाशकात कुणीतरी म्हणतंच, "इंजिन बंद पडलं की दगडासारखं खाली!" हे चूक आहे. विमानाला उचलून धरतात ते पंख. सेस्ना १७२ हे छोटं विमान इंजिनाविनाही १००० फुटांवरून साधारण अडीच किलोमीटर तरंगत जातं.

उड्डाण घेताघेता इंजिन गेलं, तर अनेकदा घात करते ती धावपट्टीकडे परत वळायची घाई. उंची नाही, वेग नाही. तीव्र वळणात पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटतो आणि विमान एका कुशीवर कोसळतं. म्हणूनच शिकवतात: नाक खाली, वेग सांभाळ, जवळपास समोरच उतर. समोर द्राक्षबागेचे लोखंडी अँगल नि तारा असतील, तर किंचित वळून शेजारचं कांद्याचं वावर बरं.