मुक्त सॉफ्टवेअर आणि मालकी सॉफ्टवेअर

सॉफ्टवेअर वापरणाऱ्याचे त्यावर कोणते अधिकार असावेत, या प्रश्नाची परस्परविरोधी उत्तरे देणाऱ्या दोन भूमिका. पहिल्या भूमिकेनुसार प्रोग्रॅम कोणत्याही हेतूने चालवणे, सोर्स कोड (प्रोग्रॅमची माणसाला वाचता येणारी मूळ संहिता) अभ्यासून त्यात बदल करणे, प्रती वाटणे आणि बदललेली आवृत्तीही इतरांना देणे हे वापरकर्त्याचे अधिकार होत. दुसरीनुसार ते निर्मात्याकडे राहतात व वापर परवान्याच्या अटींपुरता मर्यादित असतो. किंमत हा या भेदाचा निकष नाही. मुक्त सॉफ्टवेअर विकता येते आणि मालकीचे फुकटही मिळू शकते.

भेदाच्या उगमाविषयी एकमत नाही. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांच्या मते देवाणघेवाण हा मूळचा शिरस्ता असून मालकी नंतर आली. मॅसॅचुसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेतील १९७० च्या दशकातील अनुभव हा त्यांचा आधार आहे. आयबीएम या अमेरिकी कंपनीचे संगणक वापरणाऱ्यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या ‘शेअर’ या संघटनेत प्रोग्रॅम खुलेपणाने फिरत, हेही या मताला पोषक आहे. मात्र त्या काळी सॉफ्टवेअरचा खर्च बहुधा यंत्राच्या भाड्यातच धरलेला असे. आयबीएमने त्याची वेगळी आकारणी करण्याची घोषणा जून १९६९ मध्ये केली. तिच्यामागे मक्तेदारीविरोधी खटल्याची धास्ती कितपत होती, याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. त्याआधीच, १९६० च्या दशकाच्या मध्यापासून, ‘ऑटोफ्लो’सारखे प्रोग्रॅम स्वतंत्रपणे विकले जात होते. तेव्हा सुरुवातीचा खुलेपणा तत्त्वापेक्षा व्यापारी सोयीतून आला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. विद्यापीठीय प्रयोगशाळांना ते तितकेसे लागू पडत नाही.

मालकीच्या बाजूची प्रसिद्ध मांडणी मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक बिल गेट्स यांच्या फेब्रुवारी १९७६ च्या खुल्या पत्रात आढळते : मोबदला मिळणार नसेल, तर दर्जेदार सॉफ्टवेअर लिहिण्यासाठी कोणी वेळ व पैसा घालणार नाही. हा युक्तिवाद प्रोत्साहनाचा आहे. स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ‘ग्नू’ हा मुक्त कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) घडवण्याचा प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये त्याचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यांचा आक्षेप मोबदल्याला नसून नियंत्रणाला आहे : प्रत काढल्याने मूळ धारकाचे काही कमी होत नाही, उलट कोड दडवल्याने वापरकर्ता निर्मात्याच्या अधीन होतो. एक बाजू उत्पादनाबद्दल बोलते, दुसरी सत्तेबद्दल. त्यामुळे वादात बरेचदा खरी गाठ पडतच नाही.

‘कॉपीलेफ्ट’ या तरतुदीत तात्त्विक गुंता स्पष्ट दिसतो. १९८९ च्या ग्नू जनरल पब्लिक लायसन्सनुसार बदललेली आवृत्ती वितरित करणाऱ्याने ती त्याच अटींवर, सोर्स कोडसह द्यावी लागते. या सक्तीचे बळ कॉपीराइट कायद्यातूनच येते, म्हणजे मालकीचे साधन मालकीवरच उलटवलेले असते. बदललेला कोड बंदिस्त ठेवण्याचीही मुभा देणाऱ्या बीएसडी परवान्यांचे समर्थक अशा सक्तीलाच स्वातंत्र्याचा संकोच मानतात. फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ हे नाव पुढे आले. त्याच्या पुरस्कर्त्यांनी नैतिक भाषा बाजूला ठेवून विकासपद्धतीच्या कार्यक्षमतेवर भर दिला. दोन्ही गटांना मान्य असणारे परवाने जवळजवळ तेच आहेत, समर्थनाची कारणे मात्र वेगळी. ग्नू परवान्याच्या २००७ मधील तिसऱ्या आवृत्तीने बदललेले सॉफ्टवेअर चालू न देणाऱ्या ग्राहकोपयोगी उपकरणांना आळा घालू पाहिले. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी हे हार्डवेअरवरील अतिक्रमण मानले आणि लिनक्स कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) परवान्याच्या आधीच्या, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीवरच राहिले.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली संगणकीय प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतात. केंद्र सरकारच्या २०१५ च्या धोरणाने शासकीय ई-प्रशासनात ओपन सोर्सला प्राधान्य दिले.