१ मे (महाराष्ट्राच्या इतिहासात)

१ मे हा महाराष्ट्र राज्याचा स्थापना दिवस. जागतिक कामगार दिनही याच तारखेला येतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणी कामगारांचा वाटा मोठा होता, म्हणून हा योग इथे शोभून दिसतो.

१९५६ मध्ये झालेले द्वैभाषिक मुंबई राज्य मराठी आणि गुजराती दोन्ही भाषकांना नको होते. शंभरावर माणसे हुतात्मा झाल्यानंतर मुंबई राज्य पुनर्रचना कायदा झाला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात वेगळे झाले. ३० एप्रिलच्या मध्यरात्री मुंबईच्या राजभवनात पंतप्रधान नेहरूंनी विजेच्या दिव्यांनी केलेला नव्या राज्याचा नकाशा उजळवला. मुंबई मिळाली, पण बेळगाव-कारवार बाहेरच राहिले. ती सल अजून गेलेली नाही. यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री झाले. राज्यात तेव्हा २६ जिल्हे होते.

यानंतर १ मे हा जणू सरकारी मुहूर्तच ठरला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा कारभार सुरू झाला. खेड्यातल्या माणसाच्या दृष्टीने ही घटना राज्यस्थापनेपेक्षा कमी महत्त्वाची नाही, कारण शाळा, दवाखाना, रस्ता यांसाठी त्याला मंत्रालयापेक्षा झेडपीच जवळची. याच झेडपीच्या शाळांत झेंडावंदन उरकले की वार्षिक परीक्षेचा निकाल हातात ठेवायची रीत पडली. त्यामुळे अनेक पिढ्यांना हा दिवस पास-नापासाचा म्हणूनच आठवतो.

१९६० नंतर झालेल्या दहा जिल्ह्यांपैकी चार याच तारखेचे. १९८१ मध्ये रत्नागिरीचा दक्षिण भाग तोडून सिंधुदुर्ग झाला. त्याच दिवशी औरंगाबादचे जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणीचे परतूर हे तालुके मिळून जालना जिल्हा झाला. १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली आणि भंडाऱ्यातून गोंदिया वेगळे निघाले.

२०१९ चा १ मे मात्र रक्ताने माखला. गडचिरोलीत कुरखेडा तालुक्यातल्या जांभुळखेड्याजवळ माओवाद्यांनी भूसुरुंग स्फोटात पोलिसांची गाडी उडवली. त्यात १५ पोलीस आणि गाडीचा खासगी चालक ठार झाले. आदल्या रात्री माओवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली होती आणि त्याच खबरीवरून हे पथक निघाले होते.