बॅगेत हलकं ते पाण्यात हलकं असतंच असं नाही

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं त्यामुळे वापरायच्या पाण्याचा बॅरल घरोघरी भरलेला असतो, आणि अंदमानला डायव्हिंगला जायच्या आधी मला तोच उपयोगी पडला. सगळं सामान लगेज मोजायच्या काट्याला टांगून आधी तसंच मोजलं, मग बॅरलमध्ये सोडून परत मोजलं. बीसीडी, म्हणजे ज्यात हवा भरून डायव्हर पाण्यात अधांतरी राहतो ते जॅकेट, कोरडं साडेचार किलो भरलं. पाण्यात सोडलं तर काटा शून्यावर! आतली हवा पूर्ण काढली तरी जॅकेट वर तरंगायला लागलं, हाताने दाबून धरावं लागलं.

कारण त्यातलं फोमचं पॅडिंग. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर ढकलतो, आर्किमिडीजचा नियम आपण सगळे शाळेत शिकलोय. फोम वजनाला थोडा पण जागा खूप खातो, म्हणजे साडेचार किलोचं जॅकेट बॅगेत जड आहेच, वर पाण्यात ते बुडवायला कमरेला शिशाची वजनंही जास्तीची. म्हणून प्रवासाला पॅडिंग कमी असलेलं, पाठीला कडक प्लेट नसलेलं दोन-अडीच किलोचं ट्रॅव्हल बीसीडी घ्या, पैसे खर्च करायचे तर आधी इथेच करा असं माझं स्पष्ट मत आहे.

रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र, त्याचं गणित उलटं. पितळ पाण्याच्या साधारण साडेआठ पट घन, त्यामुळे एक किलो पितळ पाण्यातही पावणेनऊशे ग्रॅमच्या आसपास भरतं. हलका रेग्युलेटर घेतला की पाण्यात तेवढं शिसं वाढवावं लागेल, पण शिसं आणि सिलिंडर डाइव्ह सेंटरवर मिळतात, ते कुणी सोलापुरातून नेत नाही, त्यामुळे बॅगेचा फायदाच. टायटॅनियमचे आणखी हलके असतात आणि गंजत नाहीत, फक्त 40 टक्क्यांच्या वर ऑक्सिजन असलेल्या श्वासाच्या मिश्रणासाठी ते वापरू नका, जास्त ऑक्सिजनमध्ये टायटॅनियम पेट घेऊ शकतं.

वेटसूट, म्हणजे पाण्यात अंग उबदार ठेवणारा घट्ट सूट, बॅगेतून काढून टाकावा असं सोलापूरच्या माणसाला वाटणारच, 44 डिग्रीत राहणारे आपण, समुद्राच्या 28 डिग्री पाण्याला काय घाबरायचं. पण पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं, पाऊण तासात दात वाजायला लागतात. तीन मिलिमीटरचा सूट न्याच. त्याच्या निओप्रीनमध्ये, म्हणजे फोमसारख्या रबरात, गॅसचे बारीक बुडबुडे कोंडलेले असतात, 10 मीटर खाली दाब दुप्पट होतो, बुडबुडे आक्रसतात आणि वर जो सूट तुम्हाला तरंगवत होता तोच खाली तरंगवायचा कमी होतो, मग बीसीडीत थोडी हवा भरावी लागते.

अजून एक, बॅरलमधलं पाणी गोडं आणि समुद्राचं खारं, अडीच टक्के जास्त घन. माणूस आणि सामान मिळून 90 किलो धरलं तर समुद्रात सव्वादोन किलो शिसं जास्त लागतं, म्हणून स्विमिंग पूलमधला शिशाचा आकडा तारकर्लीला किंवा अंदमानला चालत नाही, तिथं पहिल्या डाइव्हला परत तपासा.

फिन्स आखूड आणि अनवाणी पायात घालायचे घ्या, बूट वाचतात. मास्क मात्र स्वतःचाच न्या, भाड्याचा मास्क चेहऱ्याला नीट बसला नाही तर अख्खी डाइव्ह पाणी काढण्यात जाते. डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजणारं मनगटी यंत्र, पण स्वतःचा, त्यात वजन वाचवायला जाऊच नका, तो मनगटावर घालूनच विमानात बसा. टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या काढून हँडबॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये सुट्या बॅटऱ्या चालत नाहीत.

पहिल्या ट्रिपला मी इथून रेल्वेने चेन्नईला गेलो, रेल्वेत बॅगेचं काही वाटलं नाही, विमानाच्या काउंटरवर मात्र 15 किलोच्या जागी 21 किलो भरली आणि पैसे भरावे लागले. येताना तर ओल्या निओप्रीनने अजून भर घातली, सूट पाणी धरून ठेवतो ना. आता शेवटची डाइव्ह आदल्या दिवशी सकाळीच उरकतो. तसंही ओळीने बऱ्याच डाइव्ह केल्यावर निदान 18 तास विमानात बसायचं नसतं, कारण केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो आणि रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे व्हायची भीती असते. तेवढ्या वेळात सूट आणि बीसीडी गोड्या पाण्यातून काढून, आतलं पाणी पिळून सावलीत उलटं टांगलं की निघेपर्यंत बऱ्यापैकी सुकतं.