खंड्या आणि सुका बोंबील

आमच्या खंड्या कुत्र्याला परवा आयुष्यातला पहिला सुका बोंबील मिळाला. रेवदंड्याकडे थंडीत वलांड्या, म्हणजे मासळी वाळवायच्या बांबूच्या मांडण्या, भरतात. मीठ न लावता दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून बांबूवर टांगतात. शेजारच्या काकूंनी त्यातला एक सोडवून माझ्या हातात ठेवला. "डोकं मोडून दे रे त्याला, दात बारीक असतात," म्हणाल्या. खरंच, बोंबलाचा जबडा सुयांनी भरल्यासारखा असतो.

मी अर्धाच तुकडा पुढे धरला. खंड्यानं तो लगेच तोंडात घेतला नाही, आधी नाक लावलं. कुत्र्याच्या नाकपुडीला बाजूला एक चीर असते. हुंगताना उच्छ्वास त्या चिरेतून मागे जातो आणि समोरून नवा वास येत राहतो, सेकंदाला पाचेक वेळा. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी 50-60 लाख, कुत्र्याच्या नाकात 20 कोटींच्या वर. चवीचं गणित मात्र उलटं: आपल्या जिभेवर सुमारे 9,000 रुचिकलिका, त्याच्या जिभेवर 1,700 च्या आसपास. म्हणून खायचं की नाही, हे बरंचसं नाकच ठरवतं. आणि सुक्या मासळीचा वास तर काय सांगावा! समुद्री माशांच्या अंगात असलेल्या एका पदार्थापासून जिवाणू ट्रायमिथिलअमाईन नावाचं उग्र वासाचं रसायन तयार करतात. ज्या वासानं पाहुणे नाक मुरडतात, त्यानंच खंड्याच्या तोंडाला पाणी सुटलं.

मग त्यानं मान वाकडी करून तुकडा गालाकडे सरकवला. कुत्र्याचा जबडा मुख्यतः वर-खाली हलतो, आपल्यासारखा आडवा फिरून दळत नाही. त्याच्या 42 दातांपैकी वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ एकमेकींवरून कात्रीसारखी सरकतात. चावायची वस्तू तो तिथेच नेतो.

याच दाढेपायी मी एकदा चुकलो आहे. आधीच्या कुत्र्याला हौसेनं मटणाची नळी दिली आणि वरच्या उपदाढेचा कपचा उडाला. आतली नस उघडी पडली, बिचारा दोन दिवस जेवला नाही. तेव्हापासून मी आधी अंगठ्याचं नख दाबून बघतो. नख रुतलं नाही तर ती वस्तू कुत्र्यासाठी फार टणक. नळी आणि करवंटी त्यातच बाद होतात. शिजवलेल्या हाडांच्या तर अणकुचीदार सळया निघतात. नारळाचं सोडण मऊ वाटतं, पण त्याचे धागे पचत नाहीत, आतड्यात गोळा होऊन अडकू शकतात. खारवलेला बांगडाही नको, त्यात मीठ फार.

बोंबलानं दात साफ होतात, असं मात्र मला म्हणवत नाही. तो इतका ठिसूळ की दात घासले जाण्याआधीच त्याचा चुरा होतो. कुत्र्याची लाळ अल्कधर्मी असते. त्यामुळे दात किडतात कमी, पण त्यांवरचा चिकट थर काही दिवसांतच कडक होऊन हिरड्यांशी चिकटतो. तो कडक होण्याआधी ब्रशनंच काढावा, तोही कुत्र्यांच्या पेस्टनं. आपल्या पेस्टमधलं फ्लोराइड गिळलं गेलं तर त्याला बाधतं, आणि झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ असेल तर ते विषच.

खंड्यानं तुकडा मिनिटभरात संपवला आणि पडवीची फरशीसुद्धा चाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची शी घट्ट होती, पोट बिघडलं नव्हतं. मग उरलेला अर्धा दिला.