टर्मिनलला तुमचा पासवर्ड कळतच नाही

टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, गूगल क्लाउडच्या टूलची 'जीक्लाउड ऑथ लॉगिन' ही कमांड टाइप करून एंटर मारलं की ब्राउझर उघडतो, तिथे लॉगिन करायचं, 'अलाऊ' दाबायचं, पान म्हणतं झालं, आणि इकडे टर्मिनल आपोआप पुढे गेलेलं असतं. ब्राउझर वेगळा प्रोग्राम, टर्मिनल वेगळं, मग याचं त्याला कळलं कसं?

तर होतं असं, की कमांड चालू झाल्याझाल्या ते टूल तुमच्याच कॉम्प्युटरवर एक छोटुसा वेब सर्व्हर सुरू करतं. पत्ता साधारण 127.0.0.1, म्हणजे हेच मशीन, तिथे बाहेरून कोणी पोचत नाही. लॉगिन झालं की क्लाउडवाले ब्राउझरला याच पत्त्यावर धाडतात आणि यूआरएलच्या शेपटीला एक कोड चिकटवून देतात. अ‍ॅड्रेस बारकडे बघा कधीतरी, 'लोकलहोस्ट' आणि पुढे 'कोड=' असं लांबलचक काहीतरी क्षणभर तरी दिसून जातं. टूल तो कोड उचलतं, तो देऊन टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी दाखवायचा पास, आणतं आणि पुढची सगळी कामं त्या टोकनवर चालतात. पासवर्ड, ओटीपी वगैरे ब्राउझरमध्येच राहिलं.

पण मशीनवरच्या दुसऱ्याच कुठल्या आगाऊ प्रोग्रामने मधल्यामधे कोड लांबवला तर? यावरची युक्ती मला जाम आवडते. तिचं नाव पिक्सी, 2015 मध्ये स्टँडर्ड झाली. टूल आधीच एक रँडम गुपित बनवतं, कमीत कमी 43 अक्षरांचं, आणि ब्राउझर उघडताना त्याचा फक्त शा-256 हॅश, म्हणजे ठरलेल्या गणिताने काढलेला ठसा, पाठवतं. हॅशवरून मूळ गुपित काढणं जवळपास अशक्यच. टोकन मागायला गेलं की मात्र ते मूळ गुपित द्यावं लागतं, सर्व्हर त्याचा हॅश काढून जुळवतो. नुसता कोड चोरून काय करणार?

लांबच्या सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे टर्मिनलमधूनच दुसऱ्या मशीनला जोडून, गेलात तर तिथे ब्राउझरच नसतो. मग बरीच टूल्स एक छोटा कोड दाखवतात, तो मोबाइलवर लॉगिनच्या पानावर टाकायचा, तोवर टूल दर थोड्या सेकंदांनी 'झालं का, झालं का' विचारत बसतं. सोयीचं आहे पण गोची अशी, की भामटा असा कोड स्वतःच्या मशीनवर काढून तुम्हाला 'मीटिंग जॉइन करायला हा टाका' म्हणून पाठवू शकतो. पान अस्सल असतं, ओटीपीही तुम्हीच भरता, आणि टोकन जातं त्याच्याकडे.