डिस्टोपियन साहित्यातील नियंत्रण व दमन

डिस्टोपिया म्हणजे भीषण, दडपशाहीच्या कल्पित समाजाचे चित्रण. अशा समाजात सत्ता माणसाचे श्रम आणि हालचाली ताब्यात घेऊन थांबत नाही. त्याची भाषा, स्मृती व खाजगी नातीही तिला हवी असतात. टॉमस मोर यांनी १५१६ मध्ये रंगवलेल्या ‘यूटोपिया’ या आदर्श कल्पित समाजाचे हे नेमके उलट रूप, असे सांगितले जाते. पण ते अपुरे आहे. येथील राज्यकर्तेही आपले राज्य आदर्शच मानतात.

संज्ञेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. ग्रीक ‘दुस्’ हा उपसर्ग आपल्या ‘दुष्काळ’, ‘दुर्दैव’ या शब्दांतील उपसर्गाचा सगोत्र होय. संज्ञेचे श्रेय बराच काळ ब्रिटिश विचारवंत जॉन स्ट्यूअर्ट मिल यांना दिले गेले. १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत आयर्लंडविषयक धोरणावर टीका करताना त्यांनी विरोधकांना ‘डिस्टोपियन’ किंवा ‘कॅकोटोपियन’ म्हणावे, असे सुचवले. ‘कॅकोटोपिया’ हा शब्द इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांनी सुमारे अर्धशतक आधी वापरला होता. पुढे मात्र १७४७ च्या सुमारास डब्लिनमध्ये छापलेल्या एका कवितेत ‘डस्टोपिया’ हे रूप आढळले. तेथे अर्थ केवळ दुःखी देश असा असल्याने, आजच्या राजकीय अर्थाचा आरंभ मिल यांच्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. कैद्याला आपल्यावर नजर आहे की नाही हे कधीच कळू न देणाऱ्या ‘पॅनॉप्टिकॉन’ या तुरुंगाचा आराखडाही बेंथम यांचाच. फ्रेंच विचारवंत मीशेल फूको यांनी १९७५ मध्ये त्याची चिकित्सा केल्यानंतर समीक्षेत पाळतीची चर्चा बहुधा तेथूनच सुरू होते.

रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन यांची ‘वुई’ ही कादंबरी (लेखन सुमारे १९२०–२१) या परंपरेत पायाभूत ठरली. तिच्यातील माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत, घरे काचेची. प्रत्येक घास पन्नास वेळा चावायचा, तोही सर्वांनी एका ठेक्यात. पडदा ओढण्याची मुभा गुलाबी कुपन दाखवल्यावरच, नेमून दिलेल्या प्रणयाच्या वेळेपुरती. अमेरिकन अभियंते फ्रेडरिक टेलर यांनी कामगाराची प्रत्येक हालचाल घड्याळाने मोजून आखलेल्या कारखानदारी कालमापनाची ही थेट छाया आहे. मायदेशी ही कादंबरी १९८८ पर्यंत प्रकाशित होऊ शकली नाही.

ऑल्डस हक्सली यांच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये (१९३२) दमन सुखाच्या वाटेने येते : झोपेत घोकवलेली वचने आणि ‘सोमा’ या सुखद गुंगीच्या औषधाची गोळी. झाम्यातिन यांचे ऋण हक्सली यांनी नाकारले. जॉर्ज ऑर्वेल यांनी मात्र ‘वुई’चे परीक्षण १९४६ मध्ये स्वतः लिहिले होते. त्यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’मधील (१९४९) टेलिस्क्रीन हा घरात पाळत ठेवणारा पडदा अधिक गाजला, तरी खरे भेदक साधन ‘न्यूस्पीक’ ही राजवटीने घडवलेली तुटपुंजी भाषा हेच म्हणावे लागेल. तिच्यात ‘मुक्त’ हा शब्द उरतो, पण ‘कुत्रा उवांपासून मुक्त आहे’ इतक्याच अर्थाने. राजकीय मुक्ततेची कल्पनाच मावळल्याने तिला शब्द लागत नाही. कादंबरीच्या परिशिष्टात या भाषेचे वर्णन भूतकाळात आहे. त्यावरून ती राजवट पुढे कोसळली असावी, असे काही अभ्यासक सुचवतात. मूळ कथेत त्याला स्पष्ट आधार नाही.

स्त्रियांच्या दमनाकडे समीक्षेचे लक्ष उशिरा गेले. कॅथरीन बर्डेकिन यांची ‘स्वस्तिका नाइट’ (१९३७) पुरुषाच्या टोपणनावाने निघाली आणि लेखिकेची ओळख १९८० च्या दशकात उजेडात आली. तिच्यात स्त्रिया केवळ प्रजननासाठी कोंडून ठेवल्या जातात. मार्गारेट ॲटवुड यांच्या ‘द हँडमेड्स टेल’मध्ये (१९८५) दासीचे नाव मालकाच्या नावावरून पडते, मालक बदलला की नावही बदलते.