गॅमा किरण स्फोट आणि त्यांची उत्तरदीप्ती

आकाशातल्या एखाद्या बिंदूकडून अचानक येणारा आणि सेकंदाच्या अंशापासून काही मिनिटांपर्यंत टिकणारा गॅमा किरणांचा झोत म्हणजे गॅमा किरण स्फोट. झोत ओसरल्यावर त्याच जागी क्ष-किरण, दृश्य प्रकाश आणि रेडिओ लहरींत जी मंदावत जाणारी चमक उरते, ती उत्तरदीप्ती. या स्फोटाच्या आयुष्याची दोन्ही टोके पुण्यातून पाहिली जातात. पहिल्या काही सेकंदांची नोंद आयुका या संस्थेत पोचते, तर महिनोन्‌महिने रेंगाळणारी रेडिओ चमक राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची खोडद येथील जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण टिपते.

शोध लागला तो योगायोगाने. चोरून केलेल्या अणुचाचण्या पकडण्यासाठी सोडलेल्या अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी २ जुलै १९६७ रोजी असा पहिला स्फोट नोंदवला. ही माहिती जाहीर व्हायला १९७३ साल उजाडले. त्यानंतर जवळजवळ पाव शतक हे स्फोट आपल्याच आकाशगंगेत होतात की फार दूर, यावर वाद चालला. १९९१ साली सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेने ते साऱ्या आकाशात सारखेच विखुरलेले असल्याचे दाखवले, पण अंतर हाती आले नाही. २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटानंतर बेप्पोसॅक्स या इटालियन-डच उपग्रहाला क्ष-किरणांतली विझत जाणारी चमक सापडली आणि मग दृश्य प्रकाशातलीही. त्याच वर्षी ८ मेच्या स्फोटाच्या वर्णपटावरून ०.८३५ इतके ताम्रसरण (दूरच्या प्रकाशाचे तांबड्या टोकाकडे सरकणे, ज्यावरून अंतर कळते) मिळाले आणि वाद मिटला: हे स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षांवरचे आहेत.

दोन सेकंदांहून अधिक काळ चालणारे दीर्घ स्फोट बहुधा अतिजड ताऱ्याचा गाभा कोसळल्याने होतात, तर त्याहून छोटे न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून. १७ ऑगस्ट २०१७ रोजी गुरुत्वीय लहरींपाठोपाठ (अशा मीलनातून अवकाशात उठणाऱ्या तरंगांपाठोपाठ) आलेल्या स्फोटाने दुसरी गोष्ट पक्की केली. दोन सेकंदांची ही रेघ मात्र फार ताणू नये. ११ डिसेंबर २०२१ चा स्फोट सुमारे मिनिटभर चालला, तरी त्याच्या मागून मीलनाची खूण मानली जाणारी किलोनोव्हा दिसली.

भारताचा ॲस्ट्रोसॅट उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी अवकाशात गेला. त्यावरील सीझेडटीआय या क्ष-किरण उपकरणाचे विदा (डेटा) केंद्र आयुकामध्ये आहे. कॅडमियम झिंक टेल्युराइडचे ६४ शोधक चार चौकटींत मांडलेले हे उपकरण मुळात ठरावीक दिशेचे चित्र घेण्यासाठी बांधले गेले. पण किरणांची ऊर्जा सुमारे १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर असली की त्याचे कवच जवळपास पारदर्शक होते आणि पृथ्वीआड न गेलेले बहुतेक सगळे आकाश त्याच्या टप्प्यात येते. हा गुण जणू फुकटात मिळाला. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, उपकरण सुरू झाले त्याच दिवशी, पहिला स्फोट सापडला. २०२३ अखेरीस संख्या ६०० वर गेली होती.

स्फोट ओळखायचा कसा? दर सेकंदाला किती फोटॉन आले याचा आलेख काढला की त्यात उंचवटे पुष्कळ दिसतात, कारण वैश्विक किरणांचे मारे आणि बिघडलेले पिक्सेलही उंचवटेच तयार करतात. चारही चौकटींत एकाच क्षणी उसळी आली तर तो उमेदवार ठरतो. मग इतर उपग्रहांच्या नोंदींशी वेळ ताडून पाहतात. शेजारशेजारच्या दोन पिक्सेलांत एकदम नोंदल्या गेलेल्या फोटॉनांवरून प्रकाशाचे ध्रुवीभवनही, म्हणजे त्याच्या लहरी कितपत एकाच दिशेत कंप पावतात हेही, काढता येते. पहिल्या वर्षातल्या ११ तेजस्वी स्फोटांचा असा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. उणीव एकच, पण मोठी: स्फोट झाला हे सीझेडटीआय खात्रीने सांगते, नेमका कुठे ते सहसा सांगता येत नाही.

तरीही नुसती वेळ कळणे कधी कधी पुरते. ४ जानेवारी २०१७ रोजी अमेरिकेतल्या लायगो या गुरुत्वीय लहरी शोधकाने दोन कृष्णविवरांच्या मीलनाच्या लहरी टिपल्या. त्या दिशेच्या पट्ट्यात हवाईच्या ॲटलास दुर्बिणींना झपाट्याने मंदावणारा एक बिंदू दिसला. कृष्णविवरांच्या मीलनातून प्रकाश बाहेर पडला असता तर ती मोठीच बातमी होती. सीझेडटीआयच्या नोंदींत लहरींच्या क्षणी काहीच नव्हते, मात्र सुमारे एकवीस तासांनी एक स्फोट होता. बिंदूचा मंदावण्याचा वेग मागे मोजत नेला तर तोही याच स्फोटाशी जुळत होता. म्हणजे तो बिंदू या स्फोटाची उत्तरदीप्ती होता; कृष्णविवरांच्या मीलनाशी त्याचा संबंध नव्हता.

उत्तरदीप्ती निर्माण होते ती प्रकाशाच्या जवळपास वेगाने सुटलेला झोत भोवतालच्या वायूवर आदळल्याने. आघातात वेग घेतलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरत सिंक्रोट्रॉन प्रारण सोडतात. झोत मंदावतो तसा प्रारणाचा शिखरबिंदू क्ष-किरणांकडून रेडिओकडे सरकत जातो. म्हणून २००४ पासून कार्यरत असलेला स्विफ्ट उपग्रह मिनिटा-दोन मिनिटांत स्फोटाकडे वळतो, दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणींना त्याच रात्री धावपळ करावी लागते, आणि जीएमआरटीला मात्र दिवस, कधी आठवडे थांबावे लागते. ताज्या स्फोटाकडे तिने लगेच पाहिले तर बहुधा हाती काही लागत नाही, कारण सुरुवातीला कमी वारंवारतेच्या लहरी स्रोतातच शोषल्या जातात.

नारायणगावजवळच्या खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांतल्या १४ मध्यभागी, बाकीच्या तीन बाहूंवर सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. निरीक्षणात दर थोड्या वेळाने एका ओळखीच्या स्थिर स्रोताकडे वळून मोजमाप जुळवून घ्यावे लागते, आणि आसपासच्या दळणवळणाचा गोंगाट नंतर विदेतून उपटून काढावा लागतो. यश मिळतेच असे नाही: पूनम चंद्रा आणि डेल फ्रेल या खगोलशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये मांडलेल्या ३०४ स्फोटांच्या संग्रहात रेडिओ उत्तरदीप्ती जेमतेम ३१ टक्क्यांत सापडली होती. तुलनेने जवळच्या, सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांवरच्या ५ डिसेंबर २०१७ च्या स्फोटाचा मात्र जीएमआरटीने जवळपास अडीच वर्षे पाठपुरावा केला आणि २५० ते ५०० मेगाहर्ट्झमध्ये उत्तरदीप्ती प्रथमच नोंदली गेली.

जीएमआरटीवरचा वेळ वर्षातून दोनदा अर्ज मागवून वाटला जातो. स्फोट त्या वेळापत्रकाप्रमाणे होत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी ऐनवेळी वेळ मागण्याची वेगळी सोय आहे.